मोचेमाडच्या खाडीवरच्या काकांना, मनापासून थँक्यू

काका नमस्कार,

वेंगुर्ल्याहून किनाऱ्याने चालत आलेली आई आणि तिच्या दोन मुली, आठवतायत ना? तुम्ही तिथे आभार मानूच दिले नाहीत म्हणून हे पत्र. रापणीवरचं, म्हणजे तुमच्याबरोबर जाळं ओढणारं, कोणीतरी तुम्हाला नक्की वाचून दाखवेल.

आईचं माहेर शिरोडा. वेंगुर्ला बंदरावरून निघायचं आणि वाळूतून चालत माहेरी पोचायचं हे तिच्या मनात कित्येक वर्षं होतं, एसटीने तर काय सगळेच जातात. गुडघे जरा बरे होते, हवा थंड होती म्हणून शेवटी निघालो. पहाटे बंदर, मग सागरेश्वर, उभादांडा, सुरूची झाडं, सगळं मस्त चाललं होतं, आणि मग तुमची खाडी समोर आली. मोबाईलच्या मॅपवर ती नुसती एक निळी रेघ दिसते हो, प्रत्यक्षात पाणी केवढं, ओढ केवढी! रस्त्याचा पूल आहे पण त्यासाठी मागे फिरून आत जावं लागणार, आणि मग किनाऱ्याने जायचं ते राहिलंच. आईचा चेहरा एवढासा झाला होता.

तेवढ्यात तुम्ही आलात. "खय चल्लात?" आईने मालवणीत उत्तर दिलं, कुणाची कोण ते सांगितलं आणि तुम्ही एकदम खूशच झालात. "आता उतरू नकात, पाणी भायर पडाक अजून तास आसा." आणि मग बोटांवर हिशोब केलात तो मी कधी विसरणार नाही. आज पंचमी, पाच त्रिक पंधरा, त्याचा चौथा भाग पावणेचार, म्हणजे पुरी भरती पावणेचारला, मग सुकती, म्हणजे पुरी ओहोटी, त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाच्या सुमाराला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ! अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा, आणि पुनव झाली की परत प्रतिपदेपासून मोजायचं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत पण नाही आणि फार उतरत पण नाही. कोकणात जन्म गेलेल्यांना यात नवीन काही नसेल, पण आम्ही पुण्यात वाढलेल्या मुली, आम्हाला हे कोणी शिकवलंच नव्हतं.

तो तास तुम्ही आम्हाला नुसतं बसू दिलं नाहीत हे सगळ्यात भारी. रापण ओढायला लावलंत! होडीने अर्धगोल टाकलेलं जाळं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडची माणसं मागे मागे सरकत ओढत ओढत एकमेकांच्या जवळ येतात. दोर ओला, खरखरीत, तळहात लाल झाले पण आई सोडायला तयार नव्हती. शेवटी जाळ्यात बांगडे आणि थोडी तारली. एवढी माणसं आणि एवढेच मासे बघून वाईट वाटलं, पूर्वी किती मिळायचं ते तुम्ही सांगितलंत, पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी, आल्यापासूनचं पण सांगितलंत. तरी हात लावणाऱ्याला वाटा मिळालाच पाहिजे म्हणून आमचा वाटा बाजूला काढलात.

मग पाणी उतरलं आणि तुम्ही स्वतः पुढे झालात. सरळ नाही, तिरकं नेलंत, कुठे वाळूचा उंचवटा आहे ते तुम्हालाच ठाऊक. "पाय उचलू नकात, घासटत चला," कारण वाळूत पाकट, शेपटीला विषारी काटा असलेली चपटी मासळी, बसलेली असते, पाय लागला तर ती बाजूला होते, वरून पाय पडला तर काटा मारते. कालवं असलेले खडक लांबूनच दाखवलेत. पाणी मांड्यांपर्यंत आलं तेव्हा आईचा हात तुम्ही घट्ट धरला होता, पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाहीत. पैसे काढले तर रागावलात. "माहेरवाशीण ती आमची, तिच्याकडसून पैसे घेवचे?" यावर आई रडली काका, तुम्ही वळला होतात म्हणून तुम्हाला दिसलं नसेल.

पुढचं चालणं सोपं होतं. टांक, मग आरवली, तिथे ग्रामदैवत वेतोबाला गेलो. त्याला वाहिलेल्या त्या मोठाल्या चामड्याच्या चपला आहेत ना, रात्री देव गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात असं म्हणतात, आईने सगळ्यांच्या पायांसाठी हात जोडले, तुमच्या पण. शिरोड्यात शिरताना ती मिठागरं दाखवत होती, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं सांगत होती, एकदम शाळेतली मुलगी झाली होती.

आणि मामाच्या दारात बघतो तर बांगडे आमच्या आधी हजर! उन्हात मासे खराब होतील म्हणून तुम्ही पुतण्याच्या गाडीवरून पाठवलेत, आम्हाला न सांगता. मामीने तिरफळं घालून तिखलं केलं, आईने दोनदा भात घेतला. तुमची पिशवी मामाकडे धुवून ठेवलीय, पुतण्या शिरोड्याला आला की त्याला घेऊन जायला सांगा, आत आईने तुमच्या घरच्यांसाठी खाऊ ठेवलाय, तो परत पाठवायचा नाही.