ऊस वाहतुकीच्या ट्रकसाठी इंजिन ऑइल घट्टपणावरून निवडू नये

माननीय संपादक महोदय,

सादर नमस्कार.

दसरा झाला की कोल्हापूर जिल्ह्यातले ऊस वाहतूकदार आपल्या गाड्या गळीत हंगामासाठी तयार करायला काढतात. टायर उलटसुलट करून पाहिले जातात, पाटे बदलले जातात, ब्रेकचे काम होते, फाळक्यांना वेल्डिंग होते. एवढे सगळे स्वतः उभे राहून करून घेणारा मालक इंजिन ऑइलच्या बाबतीत मात्र दुकानदाराला फोन करून "नेहमीचे पाठवा" एवढेच सांगतो. मी गेली बावीस वर्षे या धंद्यात आहे आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक वर्षे मीही हेच करत आलो. त्याची किंमत मोजून झाल्यावर जे समजले, ते इतर वाहतूकदारांपर्यंत आपल्या दैनिकातून पोहोचावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे दोन ट्रक आहेत. एक २०१२ सालचा, बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाचे जुने सरकारी मानक) इंजिनाचा, आणि दुसरा २०२१ साली घेतलेला बीएस-६. हंगामात दोन्हींवर ऊस असतो. एरवी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले कास्टिंग भरून आंबा घाटाने रत्नागिरीकडे जायचे आणि परतताना जांभ्याचा चिरा घेऊन साखरप्याकडून तोच घाट चढायचा, असा क्रम असतो. वाहनाच्या माहितीपुस्तिकेत ऑइल बदलण्याचे जे लांब अंतर दिलेले असते ते सरळ रस्त्यावर, एका वेगाने धावणाऱ्या गाडीसाठी असते. खडतर वापरासाठी त्याच पुस्तिकेत वेगळे, कमी अंतर दिलेले असते, आणि आपल्या भागातली जवळजवळ प्रत्येक मालवाहू गाडी त्या दुसऱ्या रकान्यातच मोडते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी लक्षात घेत नाही.

याचे कारण नीट समजून घ्यावे असे आहे. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा इंजिन पूर्ण ताकद लावत असते, पण गाडीचा वेग माणसाच्या धावण्याएवढाच असतो, त्यामुळे रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही आणि थंडाव्याचा सगळा भार पंख्यावर येतो. अशा वेळी पिस्टनच्या खालच्या बाजूला ऑइलची धार मारून त्याची उष्णता काढली जाते, इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगलाही तेच ऑइल थंड ठेवते, आणि तापलेल्या ऑइलचे विघटन झपाट्याने होते. आता याच गाडीचे हंगामातले दुसरे रूप पाहा. फडातून पाणंदीने बाहेर पडताना ती धूळ खाते, आणि कारखान्याच्या अड्ड्यावर वजनकाट्यासाठी नंबर लागेपर्यंत तासन्‌तास चार-चार हात पुढे सरकत राहते. इंजिन रिकामे फिरत राहिले की ते पुरेसे तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि न जळलेले डिझेल व काजळी रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरते. डिझेलने ऑइल पातळ होते, काजळीने दाट होते आणि धुळीतली सिलिका, एअर फिल्टर सैल असेल तर, सिलिंडरच्या आतल्या लायनरला पॉलिश पेपरासारखी घासते. घाटात ऑइल जळते आणि अड्ड्यावर ते नासते. आठ महिने पहिला ताण आणि चार महिने दुसरा, असा हा हिशेब आहे.

अशा कामासाठी आपल्याकडे जे ऑइल निवडले जाते ते बोटांच्या चिमटीत. दोन बोटांत घेऊन ताणून पाहायचे, तार आली की ऑइल चांगले, अशी परीक्षा माझ्या मिस्त्रींनी मला शिकवली होती आणि मी ती खरी मानत होतो. घट्ट ऑइल बेअरिंगला धरून राहते, म्हणून घाटाच्या गाडीला २०डब्ल्यू-४० किंवा त्याहून जाड २०डब्ल्यू-५० घालावे आणि वर ऑइल घट्ट करणारे एखादे रसायन ओतावे, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० यांतील पहिला आकडा फक्त थंडीतल्या वागणुकीचा आहे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे १५डब्ल्यू वर्गाच्या ऑइलची थंडीतली चाचणी उणे २० अंश सेल्सिअसला होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. कोल्हापूरच्या पाऱ्याचा या आकड्यांशी काही संबंध नाही. दुसरा आकडा, म्हणजे ४०, हा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. तो दोन्हींसाठी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक याच पट्ट्यात असावा लागतो. एवढेच नव्हे, तर १५० अंश तापमानात आणि बेअरिंगमधल्या रगड्याखाली जी किमान दाटी टिकली पाहिजे, तीही दोन्हींसाठी सारखीच, ३.७ सेंटिपॉइज इतकी ठरवलेली आहे. थोडक्यात, गार ऑइल बोटांना जे सांगते ते घाटात तापलेल्या बेअरिंगबद्दल काहीही सांगत नाही.

माझ्या २०१२ च्या गाडीत मी तीन हंगाम २०डब्ल्यू-५० आणि वर घट्ट करणारे रसायन वापरले. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिले होते. डिसेंबरच्या पहाटे सेल मारला की ऑइल प्रेशरचा काटा झटकन वर जायचा आणि मला समाधान वाटायचे. घट्ट ऑइलमुळे वाट अडली की प्रेशर वाढते आणि त्या वेळी वरच्या भागांना ऑइल उशिरा पोहोचत असते, हे मला टर्बो दोनदा बदलल्यानंतर एका जाणकार फिटरने समजावले. टर्बो जाण्यात आमची आणखी एक चूक होती. घाट चढून आल्या आल्या चालक चहासाठी गाडी बंद करायचा, आणि ऑइलचा प्रवाह थांबल्यावर तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये उरलेले ऑइल करपून कोळसा व्हायचे. आता घाटमाथ्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन हळू फिरू दिल्याशिवाय चावी फिरवायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

मग निवड कशावरून करावी? डब्याच्या मागच्या बाजूला एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या अक्षरांपुढे जो दर्जा छापलेला असतो, त्यावरून. डिझेल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा सहसा 'सी' या अक्षराने सुरू होतो. सीएफ-४ हा दर्जा १९९० चा आहे, सीएच-४ हा १९९८ चा, आणि धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या इंजिनांमध्ये काजळी वाढते म्हणून २००२ मध्ये सीआय-४ आला. काजळीमुळे ऑइल दाट होणे आणि रगडून पातळ होणे या दोन्हींना अधिक तोंड देण्यासाठी त्यात सुधारणा होऊन सीआय-४ प्लस आला. अड्ड्यावर ताटकळणाऱ्या आणि घाट चढणाऱ्या जुन्या गाडीला नेमके हेच लागते. तरीही आपल्या बाजारात सीएफ-४ दर्जाची बादली आजही "घाटासाठी जाड" म्हणून विकली जाते आणि आपण ती आनंदाने घेतो. २०१६ च्या डिसेंबरमध्ये आलेला सीके-४ हा आणखी वरचा दर्जा जुन्या इंजिनांनाही सामान्यतः चालतो. त्याच वेळी आलेला एफए-४ मात्र मुद्दाम पातळ ठेवलेला दर्जा आहे. इंजिन बनवणाऱ्या कंपनीने स्पष्ट सांगितल्याशिवाय तो घालू नये.

बीएस-६ गाड्यांच्या मालकांनी तर या मजकुराकडे अधिक काळजीने पाहिले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाचे डिझेल मिळू लागले आणि नव्या ट्रकमध्ये काजळी अडवणारी डीपीएफची जाळी आली. जाळीतली काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे जाळी तापवून साफ करण्याच्या क्रियेत, जळून जाते, पण ऑइलमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांच्या क्षारांची राख जळत नाही आणि जाळीत साठत जाते. म्हणून अशा गाड्यांच्या ऑइलमध्ये राखेचे प्रमाण मर्यादित असावे लागते. सीआय-४ नंतर आलेल्या सीजे-४ आणि सीके-४ मध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा १ टक्का आहे, तर जुन्या दर्जांवर अशी मर्यादा नाही. माझ्या २०२१ च्या गाडीला वॉरंटी संपल्यावर एका दुकानातून जुन्या दर्जाचे ऑइल दोन वर्षे दिले गेले. डब्यावर मोठ्या अक्षरांत "हेवी ड्युटी" लिहिलेले पाहून मीही मागची बाजू वाचली नाही. रिजनरेशनचा दिवा वारंवार लागू लागला तेव्हा मी चालकाला बोल लावला, त्याच्या गाडी चालवण्याच्या पद्धतीवर शंका घेतली. शेवटी जाळी काढून स्वच्छ करून घ्यावी लागली आणि ती राखेने भरलेली निघाली. त्या चालकाची मी नंतर माफी मागितली.

ऑइल योग्य घेतले तरी ते किती काळ ठेवायचे हा प्रश्न राहतोच. हंगामात किलोमीटरवर विसंबणे चूक आहे. गेल्या हंगामात एका खेपेला माझी गाडी जेमतेम तीस किलोमीटर धावली आणि इंजिन नऊ तास चालू होते. उभ्या गाडीचा चालू इंजिनाचा एक तास म्हणजे चाळीस ते पन्नास किलोमीटर, असा ठोकताळा धरला तर त्या एका खेपेत ऑइलचे साडेतीनशे-चारशे किलोमीटर संपले. म्हणून तासांची नोंद ठेवावी आणि अड्ड्यावर जिथे शक्य आहे तिथे इंजिन बंद करावे. ऑइल काळे झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पण गेजवरची पातळी न भरता वाढलेली दिसली, तर त्यात डिझेल किंवा पाणी उतरते आहे असे समजून गाडी लगेच तपासावी. प्रत्येक बदलीला फिल्टरही बदलावा, कारण तुंबलेल्या फिल्टरची बायपास झडप उघडते आणि गाळ न गाळता थेट बेअरिंगकडे जातो.

या निमित्ताने काही विनंत्या कराव्याशा वाटतात. ऑइल विकणाऱ्यांनी बिलावर केवळ कंपनीचे नाव आणि लिटर न लिहिता एसएई आणि एपीआय दर्जा लिहावा. पुढे वाद झाला तर दोघांनाही त्याचा आधार राहील. रिकामे डबे भोक न पाडता भंगारात देऊ नयेत, कारण बनावट ऑइल त्यांतच भरले जाते. जुने ऑइल सेंटरिंगच्या प्लेटांना लावण्यासाठी वाटून टाकण्याची पद्धतही आता सोडली पाहिजे. ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे.

माझी मुख्य विनंती मात्र साखर कारखान्यांच्या शेती विभागांना आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी व तंत्रनिकेतन महाविद्यालयांना आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांमध्ये दाटपणा मोजणारे रेडवूड व्हिस्कोमीटर आणि ज्वलनांक (ऑइलची वाफ ज्योतीने पेट घेते ते तापमान) पाहणारे पेन्स्की-मार्टेन्स उपकरण बहुधा असतेच. नव्या ऑइलचा ज्वलनांक २०० अंशांच्या वर असतो आणि त्यात डिझेल मिसळले की तो स्पष्टपणे खाली येतो, त्यामुळे एवढ्या दोन चाचण्यांवरूनही गाडीच्या ऑइलची अवस्था बरीच कळते. विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी ऑइल लागते आणि आमच्याकडे ते शेकडो गाड्यांत आहे. गाळप सुरू होऊन महिना झाल्यावर कारखान्याच्या अड्ड्यावर एक दिवस नमुने गोळा करावेत आणि आठवड्याभरात वाहतूकदारांना निकाल कळवावा. पहिले दोन नमुने माझ्या गाड्यांचे घ्यावेत. बाटल्या मी धुऊन, वाळवून, गाडीचा क्रमांक, ऑइलचा दर्जा आणि बदलीनंतरचे तास लिहून तयार ठेवीन.

आपला विश्वासू,
एक ट्रक मालक,
तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर