सेंट पीटर्सबर्गमधल्या अनोळखी माणसांनो, आभार!

आडमिरालतेयस्काया मेट्रो स्थानक जमिनीखाली सुमारे ८६ मीटर. तिथल्या न संपणाऱ्या सरकत्या जिन्यावर धाकटी कडेवर आणि थोरला हाताला, अशा अवस्थेत न विचारताच आमची बाबागाडी धरणाऱ्या तरुणाचे मनापासून आभार. हसला मात्र नाही. अनोळखी माणसाकडे बघून तिकडे उगाच हसत नाहीत म्हणे. हर्मिटाज संग्रहालयात सोनेरी मोराच्या घड्याळासमोर मुलांना गर्दीतून पुढे घेणाऱ्या आजी, तुमचेही. नेव्हा नदीकाठच्या वाऱ्यात लेकीची टोपी कानांवर ओढून आम्हालाच रशियनमध्ये दटावणाऱ्या बाईंचे तर विशेष! सूर थेट आमच्या सासूबाईंचा. जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड, मुलं झोपेनात. तेव्हा खिडकीला जाड चादर लावून देणाऱ्या घरमालकीणबाईंनाही धन्यवाद.