जुन्या सॉफ्टवेअरच्या विक्रीबाबत कायदा स्पष्ट हवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बंद पडलेल्या छापखान्यातले कटिंग मशीन जुन्या बाजारात दोन दिवसांत विकले जाते. पण त्याच छापखान्याने रोख पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला विकता येते की नाही, हे कोणीही छातीठोकपणे सांगत नाही. एका बंद झालेल्या डीटीपी सेंटरकडून मी मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर मूळ बिल, सीडी आणि डाँगलसह (सॉफ्टवेअर उघडणारी छोटी किल्ली) घेतले. डाँगल यूएसबीला लावल्याशिवाय ते उघडतच नाही, म्हणजे दोघांनी एकाच वेळी वापरण्याची शक्यताच नाही. तरीही नव्या संगणकावर डाँगल चालण्यासाठी कंपनीकडे ड्रायव्हर मागितला, तेव्हा परवाना पहिल्या ग्राहकाच्या नावावर असल्याने तुम्ही नवा घ्या, असे उत्तर मिळाले.

कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये १९९४ साली अशी शब्दरचना आली होती की, प्रत पूर्वी विकली गेली असली तरीही ती विकण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाचाच राहील. १९९९ च्या दुरुस्तीने हे शब्द काढून टाकले, आणि ते सहज काढले गेले असतील असे मला वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ च्या 'इंजिनीअरिंग अॅनालिसिस' निकालात या बदलाची दखल घेतली आणि वितरकाने विकत घेतलेली प्रत ग्राहकाला विकणे हा मालकाच्या त्या हक्काचा वापर ठरत नाही, असे म्हटले. परंतु तो वाद परदेशी कंपन्यांना दिलेल्या रकमेवरील प्राप्तिकराचा होता; एका ग्राहकाने दुसऱ्याला केलेल्या विक्रीचा प्रश्न तेथे नव्हता. त्यामुळे करापुरता सॉफ्टवेअर हा 'माल' आणि पुनर्विक्रीची वेळ आली की निव्वळ 'परवाना', अशी कंपन्यांची सोय झाली आहे.

युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी जुने परवाने विकणारी यूज्डसॉफ्ट विरुद्ध सॉफ्टवेअर कंपनी ओरॅकल या खटल्यात ही सोय मोडून काढली. एकरकमी पैसे घेऊन कायमचा परवाना दिला असेल तर ती विक्रीच होय, मग प्रत इंटरनेटवरून उतरवलेली का असेना. मात्र विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे आणि अनेक वापरकर्त्यांचा एकत्र परवाना फोडून विकता येणार नाही, असा तो निकाल आहे. अमेरिकेत मात्र २०१० मध्ये ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रतींबाबत अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला.

ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळणाऱ्या 'ओरिजिनल की'ची (सॉफ्टवेअर सुरू करण्याच्या क्रमांकाची) वकिली मला करायची नाही. त्यातल्या कित्येक कुठल्यातरी संस्थेच्या एकत्र परवान्यातून फोडलेल्या असतात. पण डाँगल आणि बिल हातात असलेल्या माणसाला त्याच पंक्तीला बसवणे अन्यायाचे आहे, कारण कलम ६३ बी प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजारांचा दंड होऊ शकतो, आणि या भीतीने लहान व्यावसायिक एक तर दुप्पट खर्च करतो किंवा थेट चोरीच्या प्रतीकडे वळतो.

केंद्र सरकारने कायमच्या परवान्याची पुनर्विक्री, विक्रेत्याने आपली प्रत काढून टाकण्याच्या अटीवर, वैध असल्याचे कायद्यात स्पष्ट लिहावे आणि माफक शुल्क घेऊन नाव बदलून देणे कंपन्यांवर बंधनकारक करावे.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक, पुणे