सात किल्ल्या

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर बाबा दोन वाक्यांत "थांब, आईला देतो" म्हणतात, आणि आई, तू माझ्या नुसत्या "हॅलो"वरून तर्क करायला लागतेस. म्हणून पत्र. बाबांनी मोठ्यानं वाचायचं, आईनं मध्ये बोलायचं नाही.

लंबू आणि मी एकत्र राहायचं ठरवलंय.

हो, तोच. पहिल्यांदा घरी आला तेव्हा आई, तू म्हणाली होतीस, "हा वाकून आला नसता तर चौकटच उखडली असती." तेव्हापासून तो लंबूच. कॉलेजपासूनचा, म्हणजे २२ वर्षांचा मित्र; माझा जेवढा, तेवढाच तुमच्या जावयाचा. आमच्या लग्नाच्या फोटोत मागे एक माणूस उभा आहे, ज्याचं डोकं फोटोत मावलेलं नाही, तो हाच.

आई, तू विचारणार नाहीस, पण रात्री पडल्यापडल्या तुझ्या मनात येईलच: यांचं आधीपासून काही होतं का? नव्हतं. त्याची बायको आजारी होती ते आठ महिने आम्ही दोघं त्याच्याकडे जात-येत होतो. ती गेल्यावर तिच्या कपड्यांच्या घड्या मी घातल्या, कारण त्याला ते कपाट उघडवत नव्हतं. तेव्हा मनात फक्त कणव होती. तीन वर्षांनी तीच वेळ माझ्यावर आली, आणि मला तर आठ महिनेही मिळाले नाहीत. सकाळी गाडीची किल्ली शोधत घरभर फिरणारा माणूस दुपारी नव्हता.

किल्लीवरून आठवलं. त्याच्या ड्रॉवरमधला किल्ल्यांचा ढीग तुम्ही पाहिलाय. कुठली कशाची, हे एकट्या त्यालाच माहीत. तो गेल्यावर दीड महिन्यानं मला मीटरची पेटी उघडायची होती. जिन्यात बसून एकेक किल्ली लावून पाहत होते, आणि शेवटी सगळा ढीग मांडीवर घेऊन तिथंच रडत बसले. दुसऱ्या दिवशी लंबू आला तो जाड कागद, कात्री आणि दोऱ्याचं रीळ घेऊनच. अख्खी दुपार घरातल्या प्रत्येक कुलपाला प्रत्येक किल्ली लावून बघितली. लागली, की कागदाचा तुकडा कापायचा, सुईनं भोक पाडायचं, वर लिहायचं, 'मीटर', 'माळा', 'छोटी सायकल', आणि दोरा ओवून दोन गाठी मारायच्या. दोनच. एक सुटते म्हणे. अशा १९ किल्ल्या मार्गी लागल्या. सात कशालाच लागेनात. मी म्हटलं, टाकून दे. तो म्हणाला, "असू देत. त्यानं ठेवल्यात म्हणजे कशाच्या तरी असतील." मग त्या सातांनाही चिठ्ठ्या बांधल्या आणि प्रत्येकीवर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

मी तेव्हाच त्याच्या प्रेमात पडले, असं लिहायला छान वाटलं असतं. पण खोटं आहे. तेव्हा मला मीटरची पेटी उघडल्याचाच आनंद होता.

कळलं ते पुढे दोन वर्षांनी, आणि तेही भांडणातून. आठ दिवस त्याचा फोन नाही, निरोप नाही. ताप होता, आणि 'तुला कशाला त्रास' म्हणून कळवलं नव्हतं. मी त्याच्या दारात जाऊन इतकी ओरडले की शेजाऱ्यांनी दार किलकिलं करून पाहिलं. परत येताना पाय लटपटत होते. तुमचा जावई गेल्यापासून मी कुणावर चिडलेच नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं. ऑफिसात नाही, तुमच्या नातीवर नाही. सगळ्यांशी गोड, समजूतदार. आणि या माणसावर मात्र घसा बसेपर्यंत. त्या रात्री झोप लागली नाही. हाही गेला असता तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्यानंतर कितीतरी महिने मला अपराधी वाटायचं. दिवसभर लंबूशी हसूनखिदळून बोलावं आणि रात्री नवऱ्याचा जुना शर्ट उशाशी घेऊन रडावं, यातलं एक काहीतरी ढोंग असणार असं वाटे. ज्या समुपदेशक बाईंकडे मी जात होते, त्यांनी मला नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांविषयी सांगितलं. १९९९ मध्ये त्यांनी असं मांडलं, की शोकातलं माणूस पायऱ्या चढावं तसं दुःखातून बाहेर येत नाही. त्याची ये-जा चाललेली असते. कधी गेलेल्या माणसापाशी, कधी बिलं, दुरुस्त्या, नवी कामं, नवी नाती यांच्यापाशी. मधूनच दोन्हीकडून सुट्टी. सावरणं या ये-जा करण्यातूनच होतं. म्हणजे मी ज्याला बेइमानी म्हणत होते ती माझी रोजची ये-जा होती. आणि गंमत म्हणजे लंबूपाशी मला एकीकडून दुसरीकडे जाताना दार लावून घ्यावं लागत नाही. आम्ही निम्मा वेळ त्या दोघांविषयीच बोलतो. त्याच्या बायकोच्या विनोदांवर मी अजून हसते. तुमच्या जावयाची नक्कल त्याच्याइतकी कुणालाच जमत नाही.

बाबा, तुम्हाला आकडे लागतात म्हणून हेही सांगते. १९६७ साली टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घडामोडींची यादी केली आणि कशाशी जुळवून घेताना किती ताण पडतो त्याचे गुण लावले. जोडीदाराचा मृत्यू, १००. सगळ्यांत वर. लग्न, ५०. निवृत्ती, ४५. (आई म्हणेल, बाबांच्या निवृत्तीचे ४५ फार कमी आहेत आणि ते तिच्या खात्यावर मांडा.) सासरच्यांशी खटके उडाले तर त्याचेसुद्धा २९ आहेत. पण जावई गेला तर किती, ते वेगळं कुठं लिहिलेलं नाही. मी ती ओळ शोधत होते. तुमच्या दोघांसाठी.

तो गेल्यापासून तुम्ही बुद्धिबळाचा पट उघडलेला नाही, मला माहीत आहे. लंबूला बुद्धिबळ येत नाही. मी म्हटलं, शीक की, बाबांना सोबत होईल. तर म्हणाला, "नको. तो डाव त्या दोघांचा आहे." मला वाटतं, त्याच्याविषयी तुम्हाला एवढं कळलं तरी पुरे.

तुमच्या नातीला सांगितलं. तेरा वर्षांच्या मुलीला काय वाटेल या भीतीनं मी तीनदा सुरुवात केली. तिचा एकच प्रश्न: "मी काकाला काकाच म्हणायचं ना?" हो म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणून अभ्यासाला गेली. दोन दिवसांनी रात्री अंधारात येऊन म्हणाली, "पप्पांचा फोटो हलवायचा नाही." तो आहे तिथंच राहणार आहे. शेजारी लंबूच्या बायकोचा येईल.

लग्न करायचं का, कधी, ते ठरलेलं नाही. लोक काय म्हणतील, ते लोकांना ठरवू दे.

आई, मी परवानगी मागत नाहीये. पण तुम्ही दोघं मनातून नाराज असाल तर मला यात सुखही लागणार नाही. ही दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत, मला कळतंय. तशीच राहू देत.

बाबा, गेल्या खेपेला तुम्ही सांगत होतात ना, की तुमच्या जुन्या ट्रंकेची किल्ली जावयानं 'दुसरी करून आणतो' म्हणून नेली ती नेलीच, आणि कुलूप तोडायला तुमचा हात धजत नाही? परवा मी ते लंबूला बोलता बोलता सांगितलं. तो न बोलता उठला, ड्रॉवर उघडला आणि सात प्रश्नचिन्हं टेबलावर ओळीनं मांडली. त्यातली एक पितळी आहे, लांब दांड्याची, दातांपाशी जरा झिजलेली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं येतोय. सातही घेऊन येतो. कुलपात थोडं तेल सोडून ठेवा, गंजलं असेल.

तुमची लेक