मूड नंतर येईल, आधी पेन्सिल घे

बडोदे

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा फोन अजून डोक्यात घोळतोय. रोज एक चित्र रेखाटायचं एकवीस दिवसांचं ते चॅलेंज मध्येच तुटलं म्हणून तू वही कपाटात टाकलीस आणि वर म्हणालीस, "बाबा, मूडच येत नाही, माझ्यात ते नाहीच." मी नुसतं हं हं केलं, कारण आई शेजारून खुणावत होती की आता भाषण नको. म्हणून भाषण लिहून पाठवतोय.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली छापून आला. प्रत्येकाने रोजची एक साधी सवय धरली होती. कुणी जेवताना फळ खायची, कुणी जेवणाआधी पळायची. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाचं १८ दिवसांत भागलं, कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. आणि मधला एखादा दिवस हुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा तुझं चॅलेंज तुटलं तर तुटू दे. फक्त बुडालेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन पानं काढायला बसू नकोस. उधारी वाढली की माणूस त्या दुकानावरून जायचंच टाळतो.

आता मूड. ड्राफ्ट्समनच्या नोकरीत मला तो कुणी विचारला नाही. सकाळी बोर्डावर शीट लावायची, टी-स्क्वेअर सरकवून बॉर्डर आखायची. या कामाला अक्कल लागत नाही, पण बॉर्डर पुरी होईपर्यंत डोकं आपोआप ड्रॉइंगमध्ये शिरलेलं असायचं. तूही सुरुवात अशीच बिनडोक ठेव. समोर किल्ल्यांचा जुडगा असेल तर जुडगा, चप्पल असेल तर चप्पल. आणि "रोज रात्री नऊ वाजता" असलं काही ठरवू नकोस, तुझ्या ऑफिसात नऊला काय होईल ते देवालाही सांगता यायचं नाही. सकाळचा चहा मात्र तू ताप असला तरी सोडत नाहीस. कप निवेपर्यंत रेखाटायचं, एवढंच. निवला की थांब, चित्र अर्धं असलं तरी.

ती कापडी बांधणीची महागडी वही तुझ्या मुळावर आली आहे, असं माझं स्पष्ट मत. इतक्या देखण्या कागदावर वाकडी रेघ मारायला कुणाचा हात धजेल? आपल्या बडोद्याच्या कीर्तिमंदिराच्या भिंती ज्यांनी रंगवल्या, ते चित्रकार नंदलाल बोस साध्या पोस्टकार्डांवर रेखाटनं करून विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना पाठवायचे. तळहाताएवढा कागद भरायला वेळ लागत नाही, आणि बिघडला तरी हळहळ वाटत नाही.

घरातल्या वस्तूंचा कंटाळा आला की माणसांकडे वळ. इथली फाइन आर्ट्सची मुलं स्टेशनवर रेखाटत बसतात, तू लहानपणी त्यांच्या खांद्यावरून डोकावायचीस. फलाटावर झोपलेला माणूस नवशिक्यासाठी उत्तम. आधी नाक-डोळे काढायला जाऊ नकोस. मानेपासून कमरेपर्यंतचा बाक एका रेघेत पकड, मग डोकं कुठे टेकलंय, वजन कोणत्या कोपरावर आलंय ते बघ. उशाला घेतलेली पिशवी किती दबली आहे त्यावरून डोक्याचं वजन दाखवता येतं. जागी माणसं अवघड. गाडीची घोषणा झाली की आपलं मॉडेल ट्रंक उचलून चालू पडतं आणि कागदावर नुसता एक खांदा उरतो. तो तसाच राहू दे, खाली तारीख टाक. तुमच्याकडे स्टेशनांना तोटा नाही, लोकलची वाट बघत तू उभी असतेसच.

पेन्सिल एकच ठेव, २बी. एचच्या कांडीत चिकणमाती जास्त म्हणून ती कडक आणि फिकट. बीमध्ये ग्राफाइट जास्त, त्यामुळे हात दाबला की काळी, सैल सोडला की करडी. खोडरबर काही महिने घरी राहू दे. पहिली रेघ चुकली तर शेजारी दुसरी मार.

आणि एक, रागावू नकोस. रोजचं चित्र लगेच मोबाइलवर टाकणं सोड. तुझं रेखाटन पाच मिनिटांचं आणि त्यावर कोण काय म्हणालं ते बघण्यात तास जातो. मलासुद्धा दाखवायची गरज नाही. दिवाळीला येशील तेव्हा गठ्ठा आण, वाटलं तर.

रावपुऱ्यातल्या छापखान्यातून कातरणीचे पांढरे कागद आणलेत, ते पार्सलमध्ये टाकले आहेत. चार पेन्सिली आहेत, शार्पनर नाही. ब्लेडने लांब टोक काढायला शीक, आडवी धरून छाया भरता येते. आईने लिलो चेवडोही, आपला इथला ओलसर चिवडा, कोंबला आहे. पिशवी घट्ट बांधली आहे, तरी वरच्या कागदांना तेल लागलंच तर ते आधी वापर.

तुझा,
बाबा