हातात व्हर्नियर देऊन पाहा

आयटीआयचे निकाल लागले की भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या दारात मुलांची रीघ लागते आणि आपण आधी टक्केवारी बघतो. मी लेथवर पंचवीस वर्षे काढली, आता छोटे वर्कशॉप चालवतो. नोकरी मागायला आलेल्या मुलाच्या हातात मी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची जबड्यांची पट्टी, आणि एक पिन देतो. माप घेण्याआधी जो जबडे पुसतो, शून्य जुळतेय का बघतो, तो मला हवा असतो. ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता आले नाही तरी चालेल, ते आठवड्यात येते.

एका नव्या मुलाने पहिल्याच महिन्यात स्वतःहून येऊन सांगितले, "साहेब, बोअर ओव्हरसाइज झालाय, माझं चुकलं." म्हणजे भोक मापापेक्षा मोठे पडले होते. तो बिघडलेला तुकडा त्याला चांगल्या मालात सरकवता आला असता, मग अख्खा लॉट परत आला असता. दहावीला काठावर पास झालेला हा मुलगा आज सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनचे, सेटिंग करतो.

१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे मुलगा पारखायला आपल्याला काही महिने मिळतात. ते झाडलोटीत आणि चहा आणण्यात घालवू नका, ही कारखानदार बंधूंना कळकळीची विनंती. त्याला जाणत्या कारागिराशेजारी मशिनवर उभे करा.

– एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे