विरूबाईंचा देखावा बसवताय? आधी छावणी उभारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या जिवंत देखाव्यांच्या तालमी आता सुरू होतील. संभाजी महाराजांचे पुत्र थोरले शाहू महाराज यांचे औरंगजेबाच्या कैदेतले लग्न आणि त्या लग्नात पाठराखीण म्हणून आलेल्या विरूबाई हा विषय ज्या मंडळांनी धरला असेल, त्यांच्यासाठी हे पत्र. या प्रसंगाचा साचा ठरून गेल्यासारखा असतो. मागे लाल किल्ल्याचा पडदा, मधोमध मयूरासन, त्यावर काळ्याभोर दाढीचा औरंगजेब, शेजारी विशीतली शहजादी, लग्नाला मौलवी आणि कोपऱ्यात डोळे पुसणारी विरूबाई. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत चूक आहे, आणि सगळ्या चुका एकाच ठिकाणाहून येतात. मंडळे आधी प्रेमकथा ठरवतात आणि मग तिला शोभेल असा दरबार उभा करतात.

दिल्ली या प्रसंगात नाहीच. औरंगजेबाने १६७९ मध्ये दिल्ली सोडली ती कायमची, आणि मयूरासन तिकडेच राहिले. दक्खनेत त्याचा दरबार म्हणजे छावणी. १६९५ ते १६९९ ती भीमाकाठी ब्रह्मपुरीला होती. डिसेंबर १६९९ मध्ये अजिंक्यताऱ्याला वेढा पडला तेव्हा बादशाहाचा तळ आपल्या साताऱ्याजवळच्या करंज्यात होता. १७०३ चा पावसाळा त्याने पुण्यात काढला. शाहूंची लग्ने झाली ती १७०३ च्या सुमारास, अशाच फिरत्या छावणीत. राजवाड्याचा पडदाही नको. साताऱ्याचा आजचा राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, म्हणजे या लग्नानंतर शंभरेक वर्षांनी झालेला.

बादशाही तंबूंभोवती लाल कापडाची उंच कनात असे, तिला गुलालबार म्हणत. एवढी एक गोष्ट नीट उभी केली तर निम्मा देखावा झाला. मंच २० फूट रुंद आणि १० फूट खोल धरला, तर मागची आणि दोन्ही बाजूंची मिळून ४० फूट कनात लागते. उंची ७ फूट पुरे. ४४ इंची पन्ह्याचे कापड घेतले तर ११ पट्टे होतात, शिवणीसाठी एक जादा धरून १२. प्रत्येक पट्टा नेफ्यासकट साडेसात फुटांचा, म्हणजे एकूण सुमारे २८ मीटर. कापड खारव्याचे किंवा लाल रंगवलेल्या मांजरपाटाचे घ्यावे. सॅटिन स्वस्त पडते, पण दिव्याखाली चमकते आणि छावणीचा लग्नमंडप होतो. दर ४ फुटांवर नेफ्यात बांबू हवा. नाहीतर भाद्रपदातल्या वाऱ्याला कनातीचे शीड होते आणि बांबूच बादशाहाच्या डोक्यात येतो. तणावे मागच्या बाजूला बांधावेत. पुढे बांधले तर मशालवाला अडखळतोच.

दिव्यांचेही तेच. लाल कनातीवर निळा झोत टाकला की ती काळी पडते. लाल झोतात पांढरा अंगरखा आणि लाल कनात एकच दिसू लागतात. पिवळसर झोत ठेवावा, तोही खालून नको.

आता माणसे. औरंगजेब तेव्हा ८५ च्या घरात होता. १६९५ मध्ये कृष्णेकाठच्या गलगल्याच्या छावणीत त्याला पाहणाऱ्या जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाने पांढरी दाढी, वयाने आलेला बाक आणि हातातली काठी यांचे वर्णन केले आहे. पात्राला जरीचा अंगरखा घालण्याऐवजी साधी पांढरी मलमल द्या. शाहूंची देखभाल करणारी शहजादी झीनतुन्निसा ही बादशाहाची मुलगी. तिचा जन्म १६४३ चा, म्हणजे ती साठीची, अविवाहित. तिला शाहूंच्या प्रेमात पाडणारे संवाद लिहिणाऱ्यांनी एवढी वजाबाकी तरी करून पाहावी. शाहू २१ वर्षांचे. रायगड पडला नोव्हेंबर १६८९ मध्ये, तेव्हा सात वर्षांचे असताना आई येसूबाईंबरोबर कैद झाले. कैदेत असले तरी नावाला ७ हजारी मनसब आणि राजा हा किताब होता. त्यामुळे पायात साखळदंड दाखवू नयेत. पहारेकरी दोन पावले मागे उभा राहिला की प्रेक्षकाला कळते.

अंगरख्याचे बंद ही बारीक बाब, पण सहसा चुकते. मुसलमान उजव्या बगलेखाली बांधत, हिंदू डाव्या. भाड्याचे कपडे एकाच बाजूचे येतात. शाहूंच्या अंगरख्याचे बंद उसवून डावीकडे लावायला दर्जीला दहा मिनिटे लागतात.

मौलवी तर नकोच. १७०३ मध्ये बादशाहाने शाहूंना धर्मांतराचा आग्रह धरला, त्यांनी नकार दिला. त्यांच्याऐवजी प्रतापराव गुजरांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन यांनी इस्लाम पत्करला. ज्या माणसाने धर्म सोडला नाही त्याच्याच लग्नात मौलवी उभा करणे म्हणजे गुजर बंधूंच्या त्यागावर पाणी ओतणे. वाटल्यास हा प्रसंग लग्नाच्या आधी दोन मिनिटे घ्यावा, त्याने लग्नाचा अर्थही उलगडतो.

तो अर्थ असा. राजाराम महाराज १७०० मध्ये वारले होते आणि ताराबाई लढत होत्या. बादशाहाच्या हातात शाहू हे एकच मराठी प्यादे होते. ते मराठ्यांत दुफळी पाडायला उपयोगी पडावे म्हणून त्याचा मान राखायचा, पण सोडायचे नाही. सोयरीक केली ती सिंदखेडचे जाधव आणि कण्हेरखेडचे शिंदे या दोन घराण्यांशी, दोन्ही शाही मनसबीतली. जाधव म्हणजे जिजाऊंचे माहेर, त्यामुळे मराठ्यांच्या नजरेत कुळ वरचे, आणि बादशाहाच्या नजरेत सासरा आपला नोकर. दोन्ही वधूंची नावे अंबिकाबाई आणि सावित्रीबाई. आंदणात इंदापूर, सुपे, बारामती, अक्कलकोट, नेवासे हे महाल (म्हणजे परगणे) आल्याचे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहिले आहे. देखाव्यात हे महाल ताटातल्या कागदांवर दाखवता येतील. दागिन्यांच्या ताटापेक्षा कागदाचे ताट जास्त बोलते.

विरूबाई (काही ठिकाणी बिरूबाई) या लग्नात नवरीची पाठराखीण म्हणून आल्या. बादशाहाला नवरी पाहायची होती, तेव्हा राणीऐवजी विरूबाईंना नटवून पाठवले, ही हकीकत परंपरेने चालत आलेली आहे. प्रसंग नाट्यमय आहे, जरूर घ्या, पण ‘परंपरा सांगते’ एवढे दोन शब्द ध्वनिफितीत हवेत. निवेदक ते गाळतो आणि आख्यायिकेचा इतिहास होतो.

ताटातुटीचा शेवट मात्र विरूबाईंना चिकटवू नका. त्यांची आणि शाहूंची ताटातूट झाली नाही. लग्नाची राणी त्या कधी झाल्या नाहीत, पाठराखिणीला गादीशेजारी बसता येत नव्हते, त्यांच्या वाट्याला आलेले दुःख एवढेच. पण साताऱ्याच्या वाड्यात त्यांचा शब्द चाले. सकवारबाई आणि सगुणाबाई या पुढच्या दोन राण्या असतानाही महाराजांचा जीव विरूबाईंवर होता. त्या वारल्या १७४० मध्ये. महाराज १७४९ पर्यंत जगले.

ताटातूट झाली ती लग्नाच्या बायकोची. औरंगजेब १७०७ मध्ये नगरला मेला आणि मे महिन्यात भोपाळकडे दोराह्याजवळ त्याचा मुलगा आझमशहा याच्या छावणीतून शाहू सुटून निघाले. पण मागे ओलीस राहिल्या येसूबाई आणि त्यांच्याबरोबर घरची माणसे. येसूबाई साताऱ्याला पोचल्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले तेव्हा. शिंद्यांची लेक दिल्लीच्या कैदेतच वारली, असे ग्रँट डफने नोंदवले आहे, आणि तो साताऱ्यातच रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. कण्हेरखेड साताऱ्याच्या पूर्वेला सुमारे १५ मैलांवर आहे. माहेर एवढे जवळ असून सासरचा उंबरठा तिला दिसला नाही. पत्नी होती म्हणून ती ओलीस ठेवण्याजोगी ठरली. रडणारी बाई दाखवायचीच असेल, तर ती ही. तिला संवाद नसले तरी चालेल. शाहू घोड्यावर निघतात आणि ती कनातीच्या आत उभी राहते, एवढ्यावर दिवे मालवावेत.

फलकावरच्या तारखांबद्दल एक सूचना. औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख कुठे २० फेब्रुवारी १७०७ तर कुठे ३ मार्च १७०७ सापडते. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रजांचे पंचांग तेव्हा आजच्या पंचांगापेक्षा ११ दिवस मागे होते. वेगवेगळ्या पुस्तकांतून तारखा उचलल्या की कैदी सुटकेच्या हुकमाआधीच सुटतो, तेव्हा सगळा फलक एकाच पद्धतीने लिहावा.

विरूबाईंसाठी शेवटचा प्रसंग हवा असेल तर तो १७४० चा घ्यावा. त्यांनी मुलासारखे वाढवलेले फत्तेसिंह भोसले, अक्कलकोटच्या गादीचे मूळ पुरुष, त्यांनी विरूबाईंचे क्रियाकर्म केले. त्या पात्राला पांढरे धोतर, उघडे अंग आणि हातात मडके. तलवार देऊ नका, तालमीत प्रत्येक जण ती मागतोच.

आपले,
मोडी कागद वाचणारे काही सातारकर
सातारा